इंजिनाच्या तोंडावरचं मलमल

मिस्त्रीकाका, इतक्या उशिरा लिहितो आहे, रागावू नका. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एकदाही आठवणीने लिहिलं नाही, आणि आज मात्र दुसरं कोणाला विचारावं ते सुचत नाही.

माझ्या मुलाने विमान बनवलं आहे. एका माणसाचं, खरंखुरं. सेलूच्या घरामागे आपली कापूस भरायची टिनाची शेड आहे, तिथे तीन वर्षं तो आणि त्याचा मित्र ठोकत होते. इंजिन जुन्या मोटारीचं, पंखा मागच्या बाजूला. मला म्हणाला, "बाबा, याले एक तोंड बनवून द्या. समोरचा वारा थेट कार्बोरेटरमध्ये घुसला पाहिजे. जितकी हवा तितकी ताकद." मी घरातला भात शिजवायचा ॲल्युमिनियमचा मोठा गंज कापला. त्याची आई म्हणाली, "आता भात कायच्यात शिजवू, इंजिनात?" पण तोंड छान झालं. तुम्हीही हात फिरवून पाहिलं असतं.

आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात हंगामात रुई उडायची म्हणून तुम्ही रोज इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडावर धुतलेलं मलमल बांधायचात. मी तुमच्या हाताखाली होतो; एकदा माझी गाठ सैल राहिली, इंजिनाने कापड आत ओढलं आणि सगळं काम थांबलं. अजून दिसतं, माणसं अंगणात बिड्या पेटवून बसली आहेत आणि तुम्ही ती काळी चिंधी धरून माझ्यासमोर उभे आहात. "काऊन रे, इंजिनाले लुगडं चारून राह्यला का?" सगळे हसले. संध्याकाळी मात्र तुम्ही माझे हात धरून गाठ शिकवलीत.

मुलाने बजावलं होतं, "बाबा, याच्यात कापड-बिपड काई नाई पाहिजे." मी हो म्हटलं. पण शेडभर रुई उडत होती. तो जेवायला गेला तेव्हा मी तोंडाच्या आत, दिसणार नाही असं, दुहेरी मलमल बांधलं. नंतर त्यांनी विमान शेडमध्येच खुंट्यांना दोरांनी बांधून तासभर इंजिन चालवलं. गाठ हलली नाही. मी मनातल्या मनात खूश.

काल ते ट्रकवर घालून नागपूरच्या पलीकडे एका मोकळ्या मैदानावर नेलं. आज सकाळीच मुलगा ते उडवणार. सकाळी मी तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटरवर दुधाला निघालो. रस्ता मोकळा मिळाला, वेग घेतला, तसा वाऱ्याने दुपट्टा तोंडात कोंबला आणि श्वास अडला. तेव्हा कळलं. आपल्या जिनिंगच्या इंजिनाला नुसती ओढ होती. याला समोरून वाऱ्याचा रेटाही आहे. शेडमध्ये ते एकाच जागी उभं होतं, तिथे समोरचा वारा कुठे होता?

तसाच एसटीडी बूथवर गेलो. मैदानावर फोन नाही. बूथवाला हसून म्हणाला, "काका, ते उडालं बी असन आतापर्यंत. पेढे आणा." बस दुपारशिवाय पोहोचत नाही, स्कूटरनेही तोवर उशीर होईल. म्हणून शेडमध्ये बसून हे लिहितो आहे. जिनिंगचं इंजिन बंद पडलं की माणसं बिडी ओढायला बसायची. हे बंद पडलं तर तो कुठे बसेल?

हे पाकीट कुठे टाकायचं तेही मला ठाऊक नाही. रुईसाठी कापड बांधलं असं घरी सांगेन, पण तेवढंच खरं नाही. त्या एवढ्या मोठ्या वस्तूत तुम्ही मला शिकवलेलं काहीतरी असावं, असं वाटलं होतं. गाठ तुमचीच मारली आहे. ती धरते का, तेवढं लवकर कळवा.