तेवीस नावांची यादी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मी बोलते, फोन लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणजे यानं काय लिहिलंय ते याचं यालाच ठाऊक. दोघंही सुखी!

श्रेयानं आज आमची वेबसाईट सुरू केली. नात माझी. दिवसभर कंपनीत परक्यांच्या वेबसाईट बांधते, आता आजीची फुकटात. आम्ही गिरणीतल्या वायंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या बायका, संपानंतर पांगलो ते पांगलोच. दोन फेब्रुवारीला इथे, डिलाईल रोडला, चाळीच्या हॉलमध्ये सगळ्यांना तिळगुळाला बोलवायचं. हळदीकुंकू म्हटलं नाही मुद्दाम. निम्म्या जणींचे नवरे गेले, त्यांनी काय बाहेर चपला सांभाळायच्या?

नावांची यादी मी सांगितली. डोळे मिटून, मस्टरवाला बाबू हजेरीला हाक मारायचा त्याच क्रमानं. तेवीस! एक चुकलं नाही. श्रेया म्हणाली, "आजी, तुझं डोकं म्हणजे सर्व्हर आहे." शिवी असेल तर असू दे.

यादीखाली एक चौकट आहे. तिथे निरोप लिहिला की श्रेयाच्या फोनवर येतो. पहिला आला दादरहून, गुणवंतीचा — "खायला काय?" खादाड ती खादाडच.

मला मात्र एकीचीच वाट आहे. शेवंतीची.

१४ जानेवारी, संक्रांत

गुणवंतीच्या जुन्या फोनवर साईट उघडेपर्यंत चहा उकळून थंड होतो म्हणे. म्हणून श्रेयानं आज साफसफाई काढली. मी शेजारी बसले, चष्मा लावून. दिसत काहीच नाही, पण वजन पडतं.

साईट अख्खी एकसंध नसते. तयार तुकडे जोडलेले असतात, त्यांना मॉड्यूल म्हणायचं. एक दुसऱ्याच्या खांद्यावर उभा, दुसरा तिसऱ्याच्या. श्रेया फोटोवालं काढायला गेली तर साईट आडवी आली — ह्याला काढू नकोस, अल्बम ह्याच्यावर चालतो! याला डिपेंडन्सी म्हणतात. श्रेया दमून दमून समजावत होती.

म्हटलं, "त्यात काय गो एवढं? पिंजणीवर सूतखातं, सूतखात्यावर आम्ही, आमच्यावर कापड विणणारे सांचे. पिंजणी बंद पडली की सांचेवाले विड्या फुंकत बसायचे."

श्रेया बघतच राहिली. "आजी, हे समजायला मी चार महिने क्लास केला."

"मला विचारायचं होतंस."

शेवटी एक असं सापडलं, ज्यावर कुणीच चालत नाही. तसं लिहूनच आलं म्हणे. ते काढून टाकलं. साईट पळायला लागली.

१७ जानेवारी

निरोप नाही.

१९ जानेवारी

लाडू वळून बघितले. दोन फुटले, एकानं राजेशचा दात हलवला. माझाच मुलगा, पण रडतो श्रेयापेक्षा जास्त. निरोप नाही.

२२ जानेवारी

शेवंती रुसली असणार. कशावरून ते आठवत नाही, म्हणजे चूक माझीच असेल.

ती बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभी राहायची. कुणी गैरहजर असली तरच आत. आत आली की माझ्या शेजारचं मशीन मागून घ्यायची. राजेश तेव्हा अंगावर पीत होता, गिरणीच्या पाळणाघरात असायचा. मी त्याला पाजायला पळायची आणि शेवंती दोन्ही मशीनं सांभाळायची. माझा एक धागा तुटलेला राहू दिला नाही तिनं. मुकादमाला कळलं असतं तर आम्ही दोघीही घरी! परत आले की म्हणायची, "पाजलंस काय? आता मला काय पाजतेस?" मग माझ्या डब्यातली सोलकढी तिची.

संपात बीडीडी चाळीतली खोली सोडून गेली. कुठे, कुणाला ठाऊक नाही.

ये गं बये. सोलकढी पण करते.

२८ जानेवारी

गुणवंतीचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही — "काय गो जाये, उत्तर द्यायला हात दुखतात? तीन निरोप टाकले!"

त्यातला एकही आला नाही म्हटलं तर खोटारडी म्हणाली.

श्रेयानं कामावरून आल्या आल्या लॅपटॉप उघडला. थोड्या वेळानं कपाळावर हात. संक्रांतीला काढलेलं ते बिनकामाचं मॉड्यूल! ते दर तासाला जागं होऊन थांबलेले निरोप पुढे ढकलायचं. ते गेलं, आणि निरोप आत साठत राहिले. अकरा!

"मग काढताना साईट आडवी कशी नाही आली?"

"निरोपाच्या मॉड्यूलनं लिहूनच दिलं नव्हतं गं आजी, की मी ह्याच्यावर चालतो म्हणून. लिहिलं असतं तर साईटनं अडवलं असतं. कागदावर नातंच नाही, आणि काम सगळं त्याच्यावर."

मी हसायलाच लागले. "अगो, ही तर आमची शेवंती! कुठे लिहिलेली नाही आणि माझं मशीन चालायचं तिच्यावर."

श्रेयाला फार आवडलं. ऑफिसात सांगणार म्हणाली.

मॉड्यूल परत बसवलं. ते तासाला पाचच निरोप सोडतं. पहिले पाच आले — दोन गुणवंतीचे, दुसरा पहिल्यापेक्षा तिखट. मग आणखी पाच. तिसरा गुणवंतीचा, तो श्रेयानं वाचलाच नाही. एकेकीनं दोघीतिघींचं कळवलंय, सतरा जणी येणार म्हणतात! शेवंती नाही.

एक राहिलाय. आणखी तासभर जागायला डोळे तयार नाहीत, उद्या सकाळी.

२९ जानेवारी

शेवंतीचा. पंचवीस तारखेला तिच्या नातीनं लिहून दिलेला. अँटॉप हिलला असते, लेकीकडे. एवढी वर्षं, एवढ्याशा अंतरावर.

"जाये, यादी दोनदा वाचून घेतली. तेवीस जणी. हजेरीचीच यादी दिसते. मी बदलीतली, माझं नाव नाही. तर मी येऊ, का नको?"

यादी मीच सांगितली होती. डोळे मिटून.

श्रेयानं नाव घातलं, सगळ्यांच्या वर. मग विचारते, "उत्तर काय लिहू?"

लिहू नकोस म्हटलं. टॅक्सी बोलाव.