तुमची गोळी, माझी गोळी

आबा, तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मी अजून गोळी घेतो. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. आधी रोज व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन तिथल्या नर्सच्या समोर घ्यावी लागायची, आता आठवड्याची घरी देतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अजून सुटलं न्हाय व्हय. नाही सुटलं. पण मी शिरोलीलाच दुसऱ्या कारखान्यात कामाला जातो, आणि संध्याकाळी आईला दवाखान्यात नेणारा घरात मीच आहे.

आपण दोघं शिरोलीच्या एकाच फौंड्रीत होतो. तुम्ही फोरमन, मी रस ओतणारा. वितळलेल्या लोखंडानं भरलेला लाडल कलला आणि तो रस माझ्या बुटात उतरला. दवाखान्यात तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, बूट नीट घातला नसशील. रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना कातडी पट्टीबरोबर निघायची, त्याआधी कळ मारणारी, अफूच्या जातीची सुई द्यायचे. ती सुई बरोबर होती, हे मी आजही म्हणतो. तिच्याशिवाय ते ड्रेसिंग कुणाला सोसलं नसतं. पण पाय भरून आला तरी सुई राहिली. ती चुकली की पाय नाही, सगळं अंग ठणकायचं. मग सुईसाठी घरातल्या वस्तू जायला लागल्या. कारखान्यानं सत्कारात दिलेलं तुमचं घड्याळ गेलं, त्या दिवशी तुम्ही मला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कोंडलंत.

मे महिना होता. पत्रा तापलेला, मी फरशीवर पडलेला. उलट्या, जुलाब, पोटऱ्यांत गोळे, आणि त्या उन्हातही थंडी. आई ताट घेऊन जिना चढते, तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसलाय, तिला तिथूनच परत पाठवता. "मरत न्हाय त्यो. वरडू दे. वरडून वरडूनच निघंल." शेजारचे विचारायला आले तर त्यांना सांगता, घरात कुत्रं पिसाळलंय. हे मी आतून ऐकत होतो. शेवटी ताई सासरहून आली, तुम्ही कामावर गेलेले बघून तिनं वरवंट्यानं कुलूप फोडलं आणि मला रिक्षात घालून केंद्रावर नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की हा आजार आहे, याला औषध लागतं, ते कदाचित वर्षानुवर्षं लागेल. तुम्ही हसलात. गोळी सोडवायला गोळी, चांगला धंदा हाय, म्हणालात आणि उठून गेलात.

मी सुधारलो तरी तुमचं कपाटाला कुलूप लावणं थांबलं नाही. आणि मग तुमच्या कमरेत कळ आली. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात गेलेला निघाला. साध्या गोळ्यांनी काही होईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन लिहून दिलं. तुम्ही विचारलंत, म्हंजे अफूच की? त्या म्हणाल्या, हो, त्याच जातीचं, पण इतक्या दुखण्याला हेच चालतं, आणि सांगू तसं घेतलंत तर घाबरण्यासारखं काही नाही. मी तुमचा दंड धरून उभा होतो, कारण तुम्हाला आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं.

"ह्ये न्यायचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "घरात चोर हाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ताई म्हणाली, गोळ्या माझ्याकडे ठेवते, वेळेला आणून देते. तरीही नाही म्हणालात. घरी आल्यावर कळ उठली की तुम्ही आईचं मनगट धरायचात. तिच्या बांगड्या फुटल्या, मग तिनं घालायच्या सोडल्या. कूस बदलताना तुमचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मी उचलायला आलो की म्हणायचात, हात लावू नको. पण तुम्हाला उचलण्याइतका जोर घरात दुसऱ्या कुणाच्या अंगात नव्हता, म्हणून हात लावू नको म्हणत म्हणतच तुम्ही माझ्या खांद्यावर संडासापर्यंत जायचात.

एका दुपारी आई आणि ताई स्वयंपाकघरात होत्या. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. घामानं उशी भिजलेली.

"काय हुतंय रं, घेतल्यावर?"

घरात तेवढं मला एकट्यालाच माहीत होतं. मी म्हणालो, "आबा, दुखणं असतंय. पर ते उठून लांब जाऊन बसतंय."

"आण."

ताई त्याच दिवशी जाऊन गोळ्या घेऊन आली. पहिली मी दिली, पाणीही मीच पाजलं. तासाभरात तुमच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. तुम्ही झोपलात, आणि आई तिथंच भिंतीला टेकून रडली. जागे झालात तेव्हा तुमचा चेहरा मी लहान असताना असायचा तसा होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही ताईला हाक मारून म्हणालात, पाकीट आण, मोज. तिनं माझ्यासमोर मोजल्या. बरोबर भरल्या. "अजून हात घातला न्हाय म्हणायचा," तुम्ही म्हणालात.

ताई माहेरीच राहिली, आणि ते रोजचं झालं. गोळी माझ्या हातून, मोजणी ताईच्या. तुम्ही दाढी करायला लागलात, उंबऱ्याशी खुर्चीत बसायला लागलात. गोळ्यांनी पोट कोंडलं, तेव्हा काय द्यायचं ते बाईंना विचारून मीच आणलं. फौंड्रीतली माणसं भेटायला आली की चहाचे कप मी ठेवत असायचो आणि तुम्ही त्यांना सांगायचात, "औषध मला सोसलं. ह्येला सोसलं न्हाय. माणसामाणसात फरक असतोय." ती माणसं हसायची, कारण फोरमन हसायचा.

तुम्ही एका दुपारी शांतपणे गेलात. कळ नव्हती. उरलेल्या गोळ्या मी आणि ताईनं दवाखान्यात परत केल्या. मी दिलेल्या गोळीनं तुम्हाला सुखाचं मरण आलं, असं आई सगळ्यांना सांगते. ऐकणारे माझ्या पाठीवर हात ठेवतात.

हा कागद मी घरात ठेवणार नाही, आईला वाचता येतं. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. तुम्ही सुखानं झोपलात ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. गोळी नको म्हणून तुम्ही ओरडत काढलेत, ते दिवस आठवतात. आणि आठवले की मला अजूनही बरं वाटतं.