सात नंबरचा चिमटा

मी, पितांबर तोताराम बडगुजर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आयटीआयमधला निवृत्त सुतारकाम शिक्षक, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्याच रागाने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तेवढी कोणाची छातीच नाही. डॉक्टर सुलक्षणा चौधरी यांनी आज मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले. माझी पत्नी लताबाई हिचे म्हणणे असे, की ते एकवीस वर्षे एकाच ठिकाणी अडकले आहे. दोन्ही मते नोंदवली. हृदयाचा मात्र आता भरवसा राहिलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम १. राहते घर, गच्ची व मागच्या पत्र्याच्या खोलीसह, माझ्या पश्चात लताबाईचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा त्यात एकटीने निवांत झोपावे. चाळीस वर्षे तिच्या कुरडया-पापडांच्या जागेवर माझ्या विमानांचे पंख वाळत पडले आणि तिने ते सोसले. कधी मुकाट्याने नाही, पण सोसले. गच्ची आता पूर्णपणे तिची.

कलम २. बँकेतल्या ठेवी लताबाई आणि मुलगी दिपमाला यांना निम्म्या निम्म्या. जावयाने सल्ला देऊ नये.

कलम ३. पुतण्या नवीन याने दोन वर्षांपूर्वी शेतातल्या भरीत पार्टीला माझ्या एका विमानाची शेपटी न विचारता नेली आणि वांगी भाजताना जाळाला वारा घालायला वापरली. ती शेपटी करायला मला सव्वीस दिवस लागले होते. वर म्हणतो, "काका, वारा मस्त लागतो हिचा." वारा मस्त लागणारच, लेका, वाऱ्यासाठीच केली होती ती! सबब नवीन यास माझ्या मालमत्तेतून एक नवे सुपडे द्यावे. दुसरे काही देऊ नये. मागितले तरी देऊ नये.

कलम ४. रंधे, पटाशा, बारीक करवत आणि पंखाचे थर्माकोल कापायची तापती तार हे सगळे ठाकऱ्याला द्यावे. तो चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. बाल्साचे लाकूड परवडेना तेव्हा वाळलेली सावर त्यानेच आणून दिली. "मास्तर, ही घे, कापसासारखी हलकी शे," म्हणाला, आणि खरंच हलकी होती. अमावस्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, हेही मला आयटीआयच्या पुस्तकाने नाही, ठाकऱ्याने शिकवले. त्याच्यावर माझा राग नाही. या कागदात असे लोक थोडे आहेत.

कलम ५. आता मूळ विषय. प्रेमराज वना महाजन, पूर्वी अमळनेर, हल्ली राहणार दोंडाईचा.

उद्या कोर्टात हे वाचणाऱ्याला काही कळले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी विमाने बिनइंजिनाची असतात. लांब रबरी नळी ताणून ती वर सोडायची, मग हातातल्या रेडिओने फक्त शेपटी वळवायची. वर चढवतो तो तापलेल्या जमिनीवरून उठणारा वारा. लोक आमच्या खान्देशातल्या उन्हाला शिव्या घालतात. मी त्या उन्हावर तीन मीटरचे पंख तासतास तोलून धरले आहेत. घार जिथे गिरक्या घेते तिथे वारा वर जातो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. हे सगळे मी आणि प्रेमराज मिळून शिकलो. पहिले विमान आम्ही दोघांनी बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचे केले होते, ते थेट विहिरीत गेले आणि दोघांनी मिळूनच मार खाल्ला. धुळे रस्त्यावरच्या माळावर दर रविवारी जमणारे मंडळही आम्ही दोघांनीच काढले. शाळेपासूनची, चाळीस वर्षांची दोस्ती होती. होती, असे लिहिले आहे. वकिलांनी काळ बदलू नये.

आताचे रेडिओ शहाणे झालेत, आपापली वाट शोधून घेतात. तेव्हाचे तसे नव्हते. प्रत्येक रेडिओला नंबर असे, आणि एकाच नंबरचे दोन रेडिओ एकदम सुरू झाले की वरचे विमान वेडे होऊन खाली येई. म्हणून माळावर आम्ही एक फळी ठोकली होती. तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर रंगाने नंबर. नंबराला चिमटा एकच. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रेडिओ लावायचा. बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे. माझा आणि प्रेमराजचा नंबर एकच होता, सात.

२००४ सालची आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. नात्यागोत्यातल्या माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, माळावर पाचशे माणूस. माझे विमान घारीच्याही वर गेले होते. सात नंबरचा चिमटा माझ्या कॉलरला होता. पाचशे जणांनी पाहिला. आणि त्याच वेळी प्रेमराजने गाडीच्या आडोशाला उभे राहून आपला रेडिओ लावला. का लावला, ते त्याला ठाऊक. मी त्याच्या हातातली लांब केलेली एरियल या डोळ्यांनी पाहिली. विमानाने मान टाकली, सरळ खाली आले आणि शेव-मुरमुऱ्याच्या गाडीशेजारी आपटले. कोणाला लागले नाही, हे नशीब.

रेडिओ बंद करून हा गृहस्थ सगळ्यांच्या आधी तिथे पोचला, आणि मोठ्यांदा काय म्हणाला? "डिंक कच्चा शे रे भो! पितांबरना सांधाच सुटना!" म्हणजे काय, तर माझा सांधाच सुटला.

बठ्ठा माळ हसला, पाचशेच्या पाचशे.

एक तर तो डिंक नव्हे, लाकूड जोडायचा सरस. डिंकाचे लाडू होतात. दुसरे म्हणजे, मी पोरांना सांधे शिकवून पोट भरत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिलेले होते: कच्चा डिंक. निवृत्त होईपर्यंत माझे तेच नाव राहिले. निरोपाच्या भाषणात मुख्य पाहुण्याने तोच विनोद केला. त्या आखाजीच्या पुढच्याच महिन्यात दिपमालाच्या लग्नात वरपक्षाचा एक म्हातारा मांडवाचा खांब हलवून म्हणाला, "हा व्याह्यांनी नाही ना जोडला?" मी हसलो. मुलीचा बाप होतो, काय करणार! आतून जळून खाक झालो. प्रेमराजने एका शब्दाने हे थांबवले असते. तो मांडवात जेवायला बसला होता, वाढणाऱ्याकडून त्याने दुसऱ्यांदा जिलेबी घेतली. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. पुढे तो दोंडाईच्याला गेला, बरे झाले.

त्या विमानाचे नाक फुटले, शेपटी मोडली, डावा पंख फाटला. मधला सांधा, दोन पंख जिथे मिळतात तो, जसाच्या तसा होता. आजही आहे. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगला आहे. हा सांधा मी प्रेमराजला देतो. माझ्या दहाव्याला त्याने माळावर यावे, मंडळातल्या सगळ्यांसमोर तो दोन्ही हातांनी धरावा आणि मोडून दाखवावा. गुडघ्याचा आधार घेतला तरी चालेल. मोडला तर मी खोटा, माझ्या फोटोला हार घालू नये. नाही मोडला, तर तो त्याने गळ्यात घालून दोंडाईच्यापर्यंत न्यावा. रेल्वेने जावे, रिकाम्या डब्याने नव्हे.

कलम ६. माझ्या पंखांचे साचे. प्लायवूडचे एकूण अठ्ठावीस नग. पंखाचा बाक कुठे किती हवा ते मी या साच्यांवर एकतीस वेळा मोडून, घासून ठरवले. यांच्यावर केलेले पंख हवेत बसून राहतात. प्रेमराजचे दहा मिनिटांत जमिनीवर येतात. गेली वीस वर्षे तो माणसे पाठवून हे साचे मागतो आहे. माणसे पाठवतो, स्वतः येत नाही. तर साचे त्याला मिळतील, पण एका अटीवर. त्याच दहाव्याच्या दिवशी त्याने मोठ्यांदा म्हणावे: "चिमटा माझ्याकडे नव्हता, तरी मी रेडिओ लावला." आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. आखाजीला गेला होता तसाच. पुटपुटला तर अट मोडली असे समजावे. न म्हटल्यास दिपमालाने अठ्ठावीसही साचे चुलीत घालून त्यावर आंघोळीचे पाणी तापवावे, आणि ते पाणी तापताना त्याला समोर बसवावे.

लताबाईने हे कलम वाचून कपाळाला हात लावला. "अहो, जाताना तरी सोडा," म्हणाली. नाही सोडत! सोडायचे असते तर एकवीस वर्षांत सोडले नसते?

कलम ७. साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांबरोबर प्रेमराजलाच बोलावले आहे. ज्याला देता त्यालाच साक्षीला घेऊ नका, असे वकील म्हणाले. म्हटले, कोर्टात टिको न टिको, मला काय त्याचे! साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नसते, त्याने फक्त माझी सही होताना पाहायची. पण या माणसाला दुसऱ्याचे लिहिलेले वाचल्याशिवाय राहवत नाही, शाळेपासून. वाचू दे. मेल्यावर सूड उगवला तर त्याचे तोंड मला कसे दिसणार?

हा कागद माझा पहिला आणि शेवटचा. याआधी कुठे काही लिहिलेले नाही. वाचून, समजून, दात-ओठ खाऊन सही केली.

(सही) पितांबर तोताराम बडगुजर
अमळनेर, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५

आम्हा दोघांच्या देखत पितांबर बडगुजर यांनी वरील सही केली व त्यांच्या देखत आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार १. (सही) डॉ. सुलक्षणा चौधरी, अमळनेर. रुग्णाने आवाज चढवू नये असा सल्ला दिला आहे.

साक्षीदार २. (सही) प्रेमराज वना महाजन, दोंडाईचा.

पितांबर, सगळं वाचलं. दहाव्यापर्यंत थांबत नाही, आताच लिहितो. चिमटा माझ्याकडे नव्हता, तरी मी रेडिओ लावला. पाचशे माणसं वर बघत होती आणि माझं विमान गाडीतच पडून होतं. माझी शेपटी हलते का, एवढंच बघायचं होतं मला. तुझं पडलं तेव्हा घाबरलो आणि तोंडातून ते निघालं. त्याच संध्याकाळी तुझ्या दारात आलो होतो. तीनदा कडी वाजवली. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, ते घरी नाहीत. तुझ्या चपला बाहेर होत्या. मग परत हिंमत झाली नाही. साचे नकोत मला. तुना सांधा पक्का व्हता.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हाताने:

प्रेमराज चहा न घेता निघून गेला. त्याने लिहिलेले मी नंतर वाचले. तो आला होता, हे खरे आहे. मी आत पलंगावर बसलो होतो आणि लताबाईला तसे सांगायला मीच सांगितले होते. कडी किती वेळा वाजली ते मी मोजले नव्हते. त्याने मोजले होते.

कलम ५ रद्द. कलम ६ मधली अट खोडली आहे, साचे राहू दिले आहेत. नको म्हणाला तरी ते त्याचेच. खाडाखोडीशेजारी साक्षीदारांच्याही सह्या लागतात, असे वकिलांनी सांगून ठेवले आहे. डॉक्टरांची घेतली. दिपमालाला स्टेशनवर पाठवले आहे. गाडी निघून गेली असेल तर उद्या सकाळच्या गाडीने मीच दोंडाईच्याला जातो. त्याने दार उघडले नाही, तर ओट्यावर बसून राहीन.

(सही) पितांबर तोताराम बडगुजर