रुखवतातल्या शेवया

सौ. मथुराबाई दौलतराव पाटील,

तुझे संपूर्ण नाव मी आयुष्यात एकदाच घेतले, लग्नातील घासाच्या वेळी, आणि तेही तुझ्या मैत्रिणींनी वाट अडवली म्हणून. नावामागील ‘सौ.’ तू जाताना बरोबर घेऊन गेलीस, तेव्हा ते येथे तसेच ठेवले आहे. कळवायचे ते प्रथम कळवतो. आपल्या मुलीचे लग्न पार पडले. तिच्या रुखवतात शेवया होत्या, त्या आपल्या घरच्या होत्या, आणि त्या तुझ्या यंत्रावर मी स्वतः काढल्या होत्या. हे वाक्य लिहिताना माझी मान ताठ झाली आहे. गावात कोणाला मी हे अशा स्वरात सांगू शकत नाही, कारण संस्कृत शिकविणाऱ्या मास्तराला तो स्वर शोभत नाही. तुला सांगण्यास हरकत नसावी.

ते यंत्र तुझ्या वडिलांनी सुरतेहून आणले होते. नवापूरच्या लाकडाच्या वखारीत ते कारकून होते आणि मालाबरोबर त्यांचे सुरतेला जाणेयेणे असे. गोणपाटात गुंडाळलेले ते ओझे त्यांनी आपल्या ओसरीवर ठेवले, तेव्हा मला वाटले की एखाद्या विहिरीच्या रहाटाचा भाग असावा. वर पीठ घालण्याची नळी, आत मळसूत्र, पुढे बारीक छिद्रांची पितळी चकती आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. तू पदर खोचून त्याला बाकाच्या कडेला आवळतेस, गोळा आत सारतेस, दांडा फिरवतेस आणि पिठाचे धागे खाली उतरू लागतात. मी चष्मा सावरून जवळ येतो. तू वर न पाहता म्हणतेस, “तुम्ही दूरच ऱ्हा. तुम्हनं बोलनं छापेल पुस्तकसारखं शे. हात लावा ते शाई लागी.” मी परत माझ्या खोलीत जातो. चैत्रातील दुपारी दांड्याचा तो कुरकुर आवाज, तुम्हा बायकांचे हसणे आणि माझे वाचन ही तिन्ही एकाच वेळी चालत. त्यातील वाचन कधीच नीट झाले नाही, एवढे आता कळविण्यास हरकत नाही.

तू तापाने गेलीस त्यानंतर यंत्र पुन्हा गोणपाटात गेले. मुलगी लहान होती. शेवया खाण्याचे प्रसंगच या घरात उरले नाहीत. एखाद्या सणाला कोणाच्या तरी घरून खिरीची वाटी येई आणि आम्ही दोघे ती वाटून घेत असू. मुलगी मोठी झाली, तिने स्वयंपाक हाती घेतला, आणि गेल्या माघात कोरीटच्या एका शेतकरी घराण्यातून तिला मागणी आली. मुलगा शिकलेला आहे, शेती उत्तम आहे, माणसे मोजके बोलणारी आहेत. फक्त मुलाची आजी मोजके बोलत नाही. बोलणी पूर्ण झाली, सुपारी फुटली, आणि त्यांनी बसल्या जागेवरून विचारले, “समदं ठीक शे. पन रुखवतन्या शेवाया कोन करी? पोरले ते माय नही.”

त्यांच्या प्रश्नात दुष्टपणा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या बरोबरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले, ते मी पाहिले, आणि आपल्या मुलीनेही पाहिले. हा प्रश्न आज ओसरीवर विचारला गेला. उद्या तो कोरीटच्या चुलीजवळ विचारला जाईल, परवा पाणवठ्यावर, आणि तिला मूलबाळ झाल्यावरही विकतच्या शेवयांची पोर म्हणून तिची ओळख राहील, हे समजण्यास शास्त्राध्ययनाची गरज नव्हती. मी म्हणालो, “शेवया घरच्याच येतील.” सर्वांना वाटले की माझ्या मनात काही योजना आहे. वस्तुतः काहीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र काढले. कॉलेजात असताना पदार्थविज्ञानाचा थोडा परिचय झाला होता; त्यावरून, बरीच वर्षे पडून असलेल्या यंत्रास प्रथम वंगण द्यावे हा सिद्धान्त मला निर्विवाद वाटला. शिवणयंत्राला देतात तसे मी मळसूत्रात, दांड्याच्या खोबणीत आणि चकतीच्या मागे भरपूर एरंडेल सोडले. दांडा लोण्यासारखा फिरू लागला. मुलीने पीठ मळून दिले, धागे उतरले, आम्ही ते बांबूवर टाकले आणि मी समाधानाने हात पुसले. वाळल्यावर तिने त्यातील मूठभर दुधात शिजवून माझ्यापुढे वाटी ठेवली. मी एक चमचा घेतला आणि तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “नाना, कोरीटचं सगळं वऱ्हाड एका रात्रीत शेताकडे पळेल.” तू गेल्यापासून ती इतकी हसलेली मला आठवत नाही. शेवया समोरच्यांच्या गाईने खाल्ल्या. गाईला पुढे काय झाले याची मी चौकशी केली नाही.

त्या गाईमुळेच समोरच्या आक्का आल्या. यंत्र गरम पाण्याने आणि राखेने कसे धुवावे हे मुलीला सांगून झाल्यावर त्या मला म्हणाल्या की एवढ्या शेवया दोन माणसांच्या हातून होत नसतात. एकाने दांडा फिरवायचा, एकाने गोळे भरायचे, एकाने धागा काठीवर झेलायचा, एकाने तो वाळत टाकायचा. हे मला ठाऊक होते. तुझ्या वेळी ओसरीवर बसायला जागा नसे. मी विनंती केली की गल्लीतील बायकांनी एक दिवस आमच्याकडे यावे. त्यावर आक्कांनी हातावरील राख झटकली.

“मास्तर, आम्ही इसूत. पन पाळीना काय? जी बाई आम्हना घर दांडा फिरावस, तिन्हा घर आम्ही फिरावतस. मथुरा गयी तवयपाईन तुम्हना घरनी पाळी बंद शे. पोरले लगीनन्या कामेसमधून सवड नही. मंग आम्हना घर कोन येई?”

“मी येईन,” मी म्हणालो.

“तुम्ही?”

“मी.”

“कोट घालीसन?”

“कोट काढून.”

त्यांना ती थट्टा वाटली असावी. परंतु दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी त्यांच्या ओसरीवर उपस्थित झालो, हातपाय धुतले, बाह्या दुमडल्या आणि काम विचारले. त्या दिवशी पाळी त्यांच्या घरी होती आणि ओसरी बायकांनी भरली होती. नवीन सुनांनी पदर पुढे ओढले. अखेर आक्कांनीच तोडगा काढला. दांडा जोरात फिरवला की बाक उचलला जातो, म्हणून त्यावर कोणीतरी बसावे लागते. “मास्तर, तुम्ही बाकवर बठा. वजन म्हनीसन.” मी बसलो. थोड्या वेळाने पाठीला रग लागली म्हणून सरकलो, तर कोपऱ्यातून आवाज आला, “हालू नका. वजन हालत नही.” सगळ्या हसल्या. त्या हसण्यात मी सामील झालो नाही, परंतु उठलोही नाही. एक घर संपले, दुसरे लागले. मी वजन म्हणून बसत राहिलो. तुझी आठवण त्या काळात मला दुःखद झाली नाही, हे लिहिताना आश्चर्य वाटते. ज्या कामापासून तू मला हाकलले होतेस, त्याच्या मध्यभागी मी बसलो होतो.

तिसऱ्या घरी दांडा फिरविणाऱ्या बाईचा खांदा भरून आला. दुसरी बसली, तिचा वेग कमीजास्त होऊ लागला. धागा कधी जाड, कधी केसासारखा, आणि काठीवर येण्याआधीच तुटे. मी म्हणालो, “अनुमती असल्यास मी पाहतो.” माझ्या जागी दोन मुली बाकावर बसल्या आणि मी दांडा धरला. प्रारंभी माझाही धागा तुटला. मग मला जे येते ते मी केले. भुजंगप्रयात वृत्ताची चाल मनात धरली, लघूला हात वर, गुरूला खाली, आणि ओठांतल्या ओठांत ती चाल म्हणत फिरवू लागलो. वर्गात मुले ज्या एकसुरीपणाने पेंगतात, तोच एकसुरीपणा दांड्यात उतरला. धागा सुटला तो काठीपर्यंत आला, काठीवरून वळला, पुन्हा खाली आला, आणि तुटेना.

“मास्तर मंतर म्हनी ऱ्हायनात का वं?” एकीने विचारले.

“म्हनू दे,” आक्का म्हणाल्या, “मंतरवर शेवाई लांब उतरी ऱ्हायनी.”

त्यानंतर मला कोणी वजन म्हणून बसविले नाही. पुढील घरांतून निरोप येऊ लागले की मास्तर कधी मोकळे आहेत. एका घरी तर माझ्या वेळेसाठी पीठ झाकून ठेवले होते. शाळेत ही वार्ता पोहोचली तेव्हा गणित शिकविणारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाटील, काही मर्यादा असते. बायकांत बसून शेवया? आपल्याकडे लोक पाहतात.” मी उत्तर दिले की लोक पाहतात हे मला मान्य आहे, आणि कोरीटचे लोक रुखवत पाहणार आहेत हेही मी विसरलेलो नाही. तळहाताला फोड आले होते. खडू धरताना ते झोंबत. त्या दिवशी मी फळ्यावर नेहमीपेक्षा अधिक लिहिले.

आपल्या पाळीच्या दिवशी ओसरी सकाळीच भरली. गहू मुलीने आदल्या दिवशी ओलवून, दळून, वस्त्रगाळ केले होते. आक्का गोळे भरतात, त्यांची सून धागा झेलते, इतर जणी दोऱ्या बांधून सावलीत वाळत टाकतात, झळेने धागे तडकू नयेत म्हणून दारांवर ओले पडदे सोडतात. मी दांड्यावर आहे. मुलगी मधून मधून येऊन पाहते आणि तिला कोणीतरी दटावते, “तू जाय वं, नवरीनी रुखवतले नजर लावानी नसस.” कोणीतरी तुझे नाव काढते, तू धागा झेलताना कशी जीभ दाताखाली धरायचीस याची नक्कल करते, आणि सगळ्या हसतात. मीही हसलो. दुपारपर्यंत ओसरी, माजघर आणि माझी वाचनाची खोली पांढऱ्या लडींनी भरली. पुस्तकांच्या कपाटावरूनही शेवया लोंबत होत्या आणि मला त्यात काहीही गैर दिसले नाही.

वऱ्हाड बैलांच्या दमण्यांतून आले. जानवसघर म्हणून पलीकडच्या आळीतील एक रिकामे घर मिळाले होते. रुखवत मांडले. मध्यभागी परातीत शेवयांच्या लडी, त्यावर कुंकवाचे बोट. मुलाच्या आजी सरळ परातीपाशी आल्या. त्यांनी वरच्या लडीतून एक टोक शोधले आणि ओढायला आरंभ केला. एक हात, आणखी एक हात. धागा येतच राहिला. बरोबरच्या बायका वाकून पाहू लागल्या. मुलगी आतल्या दारात उभी होती. मला तिच्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या, आणि त्या जराही वाजत नव्हत्या.

“हाई शेवाई कोनी उतारी?” आजींनी विचारले.

मी बोलणार होतो, परंतु आक्का पुढे झाल्या. “पोरना बापनी. गल्लीमा समदास्ना घर फिरावं, मंग सोताना घर.”

आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. वधूपित्याने अशा वेळी हात जोडून उभे राहायचे असते. मी तसाच उभा होतो. त्या म्हणाल्या, “व्याही, हात उघडा.” मी जोडलेले हात उघडले. त्यांनी वाकून तळवे पाहिले, फोडांचे घट्टे पाहिले आणि सरळ झाल्या. “हाऊ मास्तरना हात नही,” त्या आपल्या बायकांकडे वळून म्हणाल्या. मग मला, “पुढला चैतमा आम्हनाकडे या. आम्हना मानसं नुसता बठतस.” एवढे बोलून त्यांनी ती लड उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि सुनेला सांगितले की जानवसघरात आज खीर याच शेवयांची होईल, दुसरी नको. आत बांगड्या वाजल्या. मी उघडलेले हात पुन्हा जोडले.

आज सकाळी मुलगी गेली. दमणीत बसताना ती माझ्या पाया पडली आणि फोडांवर लोणी लावत जा म्हणाली. तिच्या आजेसासूबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवले होते.

हे पत्र कोठे टाकायचे हा प्रश्न नाही. ते टाकायचे नाही. तरी एक गोष्ट कबूल करतो. या घराला आता शेवयांची पाळी लागण्याचे काहीच कारण उरलेले नाही. असे असूनही पुढील चैत्रात मी येईन, असे मी आक्कांना सांगून ठेवले आहे, आणि ते त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगितले.

वऱ्हाड गेल्यावर जानवसघर झाडून घेतले, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या मालकांच्या घरी परत दिल्या.