बाटलीवरची रेघ

आईस,

लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

क्रेनखाली सापडून माझा कामावरचा जोडीदार गेला, तेव्हा तिथे असलेल्या आम्हा सगळ्यांच्या थुंकीचा नमुना कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी घेतला. म्हणे, असं डोळ्यांदेखत पाहिल्यावर काहीजण दारूला लागतात, आणि ते थोडंफार रक्तातूनही येतं, थुंकी तपासली की कळतं. मग गोड आवाजात विचारलं, “वडील प्यायचे?” मी सरळ नाही म्हणालो. यांना कशाला हव्यात घरच्या चौकशा? कामावरून काढायचा डाव दिसतोय. तुला फोन आला तर ताकास तूर लागू देऊ नकोस.

मला मात्र खरं सांग. बाबा खाणीतल्या स्फोटानंतरच प्यायला लागले ना? आणि आजोबा?

झोप लागावी म्हणून मी एक बाटली आणलीय, अगदी औषधापुरती. तू बाबांच्या बाटलीच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारायचीस, तशी मीही मारतो. परवा पाहिलं, तर दारू रेघेच्या चार बोटं खाली. शेजारच्या वेल्डरचाच संशय आला, म्हणून खोलीचं कुलूप बदललं आणि नवी रेघ मारली.

आज पुन्हा दोन बोटं कमी आहे. नव्या कुलपाची किल्ली फक्त माझ्याकडे असते.

तुझाच,
धाकटा