उन्हाळ्यात समुद्र गार असतो

७ फेब्रुवारी, वेरावळ बंदर
...आणि परत तेच! मोहिनी फोनवर म्हणते, "दादा, तुनी हुशारी समुद्रमा बुडाव, पहिले फी धाड." नर्सिंगची फी बारा हजार. मे संपायच्या आत भरायची. भाऊ आठवी नापास म्हणून बहिणीचा भरवसा नाही. धाडणार म्हणजे धाडणार.

८ फेब्रुवारी, पहाटे
मासेमारीच्या बोटीवर कुडकुडत होतो. बादलीने समुद्र वर काढला, हात घातला. कोमट! थेट आमच्या शिंदखेड्याच्या विहिरीसारखा. म्हणजे उन्हाळ्यात गार. हिशोब सरळ आहे.
आमचे तांडेल हाशमचाचा, बोट तेच हाकतात, हसले. म्हणे, विहिरीला वारा लागतो का रे? थंडीत वारा समुद्राला ढवळतो, त्याची ऊब काढून नेतो. हवा जास्त गार, म्हणून तुला पाणी कोमट लागतं. एप्रिलात वारा पडला की वरचं पाणी नुसतं तापत बसतं.
चाचांचं वय झालं.

१९ मार्च
प्रमोशन! बर्फाचा चार्ज माझ्याकडे. बोटीचे शेठ म्हणाले, बर्फ वाचवशील त्यातले निम्मे पैसे तुझे. फी झालीच समजा.

२३ एप्रिल
समुद्र तेलासारखा सपाट. हात घातला. गरम. इंजिनाचं पाणी मिसळलं असणार. दुसऱ्या बाजूला घातला. तिकडेही मिसळलंय.

६ मे
नऊ दिवसांची खेप. दोनशे लाद्यांऐवजी एकशेवीसच भरल्या. उन्हाळ्यात समुद्र गार, तेवढ्या पुरे. चाचांनी विचारलं, बर्फ पूर्ण? म्हटलं, बठ्ठा, सगळा. मोहिनीला सांगितलं, फी आली समज. ती म्हणे, "हातमा पडू दे, मंग समजसू."

१४ मे
मासळीच नाही. चाचा म्हणतात, वरचा थर तापला, मासळी खाली गारव्याला गेली. आणखी पाच दिवस राहायचं. हे कोणी आधी सांगायला नको?
बोटीचं बूड त्याच गरम पाण्यात. बर्फाच्या खणात हात घातला तर कोपरापर्यंत पाणी. झाकण लावून टाकलं.

१९ मे
बंदरात झाकण उघडलं. शेठनी नाकाला रुमाल लावला. शेवटच्या पाच दिवसांत मिळालेली मासळीही सडलेली; सगळा माल मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात, मातीमोल. चाचा ओरडले नाहीत. म्हणाले, बेटा, खरं तरी सांगायचं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० मे
हंगाम संपला. बाकीचे खलाशी घरी निघाले. माझ्या पगारातून नुकसान कापलं. उद्या फीची मुदत. मोहिनीला फोन लावला. तीच म्हणाली, "दादा, जेवना का तू?" हो म्हटलं. ठेवला.
धाडतोय. सातशे चाळीस रुपये.