बद्द वाजलेला दगड

५ जाने., सोम.
वळसंगच्या पुढच्या आमच्या खडीच्या खाणीत आज सुरुंगानंतर कड्यात एक पोकळी उघडी पडली. आत स्टिल्बाइट! फिकट अबोली रंगाचे स्फटिक, कडब्याची पेंढी मधोमध आवळावी तसे. कामगारांच्या लेखी सगळी गारगोटीच, क्रशरमध्ये जाणार. जीव हळहळला. कॉलेजात आमच्या भूगर्भशास्त्र विभागाकडेही असा एक नमुना नव्हता.

सिद्रामकाका, ड्रिलवाले, कुठल्याही कड्याखाली जायच्या आधी हातोडी मारून कान लावतात. "खण्ण वाजलं की जायाचं. बद्द वाजलं की न्हाय." हसू आलं मला. एम.एस्सी. ना मी! नोकरीचा तिसरा महिना.

७ जाने.
लिहवत नाही. तरी...

मीच म्हटलं, काका, तेवढी गारगोटी काढून द्या ना. त्यांनी हातोडी मारली. "बद्द वाजतंय की म्याडम. उद्या बगू." उद्या ती खडी झाली असती. म्हटलं, "अहो, सलग पाषाण आहे. काही होत नाही."

सलग कुठला! खाली तांबड्या गेरूचा थर, नखानं कुरतडला जाईल इतका मऊ. वरचा काळा दगड त्याच्यावर नुसता टेकलेला. दिसत होतं मला.

काका वाकले आणि दगड सुटला. डावा पाय, गुडघ्याखाली. तिथं आम्ही दोघंच होतो.

८ जाने.
मॅनेजरसाहेब म्हणाले, "धोक्याच्या दोरीच्या आत तो स्वतःहून गेला, एवढंच लिहा. तुमचं नाव कशाला मध्ये?" तसं लिहिलं तर काकांना भरपाई नाही, परत कामही नाही. खरं लिहिलं तर मी घरी. पुढे कुठल्या खाणीत मला कोण उभं करणार? सोमवारी जबाब द्यायचाय.

आईला नुसतं अपघात झाला एवढंच सांगितलं. "तू लांब होतीस ना गं?" हो म्हणाले. भित्री मेली.

१० जाने., दवाखान्यातून आल्यावर
पाय वाचेल. ड्रिल धरून उभं राहणं मात्र अवघड, म्हणे.

काकू चहा आणायला गेल्या तसे काका हळूच म्हणाले, "मी आपणहून गेलो म्हणून लिवा. तुमी नव्या हाय. पोरीच्या जातीला नाव खराब झालेलं बरं न्हवं." राग आला, त्यांच्या चांगुलपणाचाच. "काका, गप्प बसा!" केवढ्यानं ओरडले मी. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. मग रडूच फुटलं.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "बद्द वाजल्यावर ह्यांनी जल्मात पाऊल टाकलं न्हाय बगा. त्या दिशी काय झालं आसंल वो?"
मी चप्पल शोधत बसले. चप्पल पायातच होती.

१२ जाने., सोम., सकाळी
जबाब लिहिला. दीड पान. गेरूचा थर, हातोडीचा आवाज, काकांचं 'उद्या बगू', माझं वाक्य जसंच्या तसं. आईला वाचून दाखवला.
"नोकरी जाईल."
"हो."
"मग आज डबा देऊ का नको?"
दे म्हटलं.

साहेब साडेनऊला येतात. कागद काय, टेबलावर ठेवून मान खाली घालता येते. पण त्याआधी दवाखान्यात उतरायचंय. काकूंना तोंडानं सांगायचंय, आणि पहिलं वाक्यच अजून सुचत नाहीये.